चार तासांची गैरहजेरी : महापेतल्या एका मोंगोडीबी क्लस्टरचा प्रकरण अभ्यास

तीन सर्व्हरच्या रेप्लिका सेटमधला (एकाच डेटाबेससाठी एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटातला) एक सर्व्हर चार तास बंद राहिला तर फार काही बिघडू नये. रेप्लिका सेट उभा करतात तो त्यासाठीच. नवी मुंबईतल्या एका कंपनीत मात्र या चार तासांचं निस्तरायला पुढे बरेच दिवस गेले, आणि हिशेब विभागाला तर महिनाअखेरपर्यंत पुरलं. गंमत अशी की मोंगोडीबी (कंपनी वापरत असलेला डेटाबेस) यात कुठेच चुकलं नव्हतं. त्याला जे सांगून ठेवलं होतं तेच ते इमानेइतबारे करत होतं. कंपनीचं नाव देत नाही. आकडे ढोबळ केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे.

कंपनीचा धंदा असा : न्हावा शेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरवर जीपीएस यंत्रं बसवायची, ट्रेलर कुठे पोचला ते मालाच्या मालकाला नकाशावर दाखवायचं, आणि फेरी संपली की बिल काढायचं. एका वेळी रस्त्यावर साधारण १,२०० ट्रेलर. प्रत्येक ट्रेलर दर ३० सेकंदांनी एक पिंग पाठवतो. त्यात अक्षांश, रेखांश, वेग, इंजिन चालू की बंद, आणि वेळ. म्हणजे सेकंदाला ४० पिंग. डेटाबेसच्या दृष्टीने हा भार किरकोळ आहे, आणि किरकोळ आहे म्हणूनच त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं.

मोंगोडीबीची आवृत्ती ५.०. प्रायमरी, म्हणजे सगळं लेखन घेणारा मुख्य सर्व्हर, रबाळ्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या रॅकवर. सेकंडरी, म्हणजे त्याची प्रत ठेवणारा सर्व्हर, महापे एमआयडीसीत, कंपनीच्याच ऑफिसातल्या सर्व्हर रूममध्ये. तिसरा सदस्य आर्बिटर : क्लाउडवरची एक छोटी मशीन, जिच्याकडे डेटा नसतो, फक्त प्रायमरी कोण हे ठरवणाऱ्या निवडणुकीतलं मत असतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली होती, ते आठवत असेल. त्यानंतर इथल्या बऱ्याच मालकांनी जनरेटर आणि ‘दुसऱ्या जागी एक कॉपी’ या दोन गोष्टी मनावर घेतल्या. रबाळ्याचा रॅक त्याच धास्तीतून आला. तिसरा मोठा सर्व्हर घेण्याइतकी धास्ती मात्र नव्हती, म्हणून आर्बिटर. खर्च वाचवायचा हा सर्रास मार्ग आहे, आणि माझं मत विचाराल तर अनेक ठिकाणी तो न विचारताच घेतला जातो.

बिलं पडेनात

जुलै महिना. रात्रभर कोसळत होता. सकाळी जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं आणि महापेतल्या त्या गल्लीची वीज गेली. ऑफिसचा जनरेटर दिवे, लिफ्ट आणि कंट्रोल रूम यांच्यापुरता होता. सर्व्हर रूमचा एसी त्यावर नव्हता. सिस्टिम बघणाऱ्या मुलाने यूपीएस संपण्याची वाट न बघता सेकंडरीला नीट शटडाउन दिला आणि ग्रुपवर कळवलं की एक सेकंडरी बंद केली आहे, काम सुरळीत चालेल. त्याचं काही चुकलं नव्हतं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं.

थोड्या वेळाने कंट्रोल रूममधून फोन सुरू झाले. तक्रार विचित्र होती : नकाशावर ट्रेलर हलताना दिसतायत, नवीन फेऱ्या सुरू होतायत, पण फेरी बंद करून बिल काढायचं बटण दाबलं की चक्र फिरत राहतं आणि शेवटी पान मरतं. लोकांनी अशा वेळी लोक करतात तेच केलं. पुन्हा दाबलं.

कारण राइट कन्सर्नमध्ये होतं, म्हणजे लेखन किती सर्व्हरवर उतरल्यावर पोच द्यायची त्या नियमात. ५.० पासून मोंगोडीबीचा डिफॉल्ट राइट कन्सर्न ‘मेजॉरिटी’ झाला खरा, पण एक प्रायमरी, एक सेकंडरी आणि एक आर्बिटर अशी मांडणी असेल तर तो डिफॉल्ट १ वरच राहतो : प्रायमरीने लिहिलं की झालं. पिंग आणि नव्या फेऱ्या याच वाटेने जात होत्या, म्हणून त्यांना काही झालं नाही. बिलाची सर्व्हिस लिहिणाऱ्याने मात्र तिथे मुद्दाम ‘मेजॉरिटी’ लिहिलं होतं. पैशांचा मामला, दोन ठिकाणी उतरल्याशिवाय पोच देऊ नको. हेतू अगदी बरोबर. फक्त दोन ठिकाणी म्हणजे दोन डेटावाल्या ठिकाणी, आणि त्यातलं एक महापेत अंधारात बसलेलं. आर्बिटरचं मत निवडणुकीत चालतं, लेखनाच्या पोचपावतीत चालत नाही. शिवाय किती वेळ थांबायचं याची मर्यादा, म्हणजे डब्ल्यू-टाइमआउट, घातलेली नव्हती. मर्यादा नसेल तर पोच येईपर्यंत थांबायचं, असा त्याचा अर्थ होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं महागडं प्रकरण तिच्यातून निघालं. मेजॉरिटीची पोच मिळाली नाही म्हणजे लेखन झालं नाही, असं नसतं. प्रायमरीवर बिल लिहिलं गेलेलं असतं, फक्त ‘लिहिलं’ असं उत्तर येत नाही. डब्ल्यू-टाइमआउट घातला असता तरी त्याने चूक परत पाठवली असती, लिहिलेलं पुसलं नसतं. बटण पुन्हा दाबलं की नवा क्रमांक घेऊन नवं बिल. बिलांच्या कलेक्शनवर (मोंगोडीबीतल्या तक्त्यावर) फेरीच्या क्रमांकाचा युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट, नव्हता. दुपारपर्यंत काही फेऱ्यांची दोन-दोन, तीन-तीन बिलं तयार होऊन बसली होती.

वीज आली, सेकंडरी आली नाही

चार तासांनी वीज आली. सेकंडरी चालू केली. स्टेटस ‘रिकव्हरिंग’. ते थोडा वेळ राहून ‘सेकंडरी’ व्हायला हवं होतं, झालंच नाही. लॉगमध्ये सांगितलेलं होतं की हा सदस्य फार मागे पडला आहे, प्रायमरीकडून आता त्याला गाठता येणार नाही.

मोंगोडीबीत प्रायमरीवर होणारा प्रत्येक बदल ‘लोकल’ डेटाबेसमधल्या ऑपलॉग या कलेक्शनमध्ये उतरतो, आणि सेकंडरी ते ओळीने वाचून आपल्यावर लावून घेते. ऑपलॉगचा आकार ठरलेला असतो. नवी नोंद आली की सर्वात जुनी गळते. मेजॉरिटीपर्यंत न पोचलेल्या नोंदी मात्र गळत नाहीत, त्या अडल्या असतील तोवर ऑपलॉग ठरलेल्या आकाराबाहेर वाढतो. पण वीज यायच्या आधीच आम्ही बिलं मोकळी करायला सेकंडरीचं मत काढलं होतं (ते पुढे येईल), आणि तेव्हाच ही सवलत संपली. डिफॉल्ट आकार मोकळ्या डिस्कच्या ५ टक्के, पण ९९० एमबीपेक्षा कमी नाही आणि ५० जीबीपेक्षा जास्त नाही. रबाळ्याची डिस्क २ टीबीची, त्यामुळे तिथे ५० जीबी लागले होते. सर्वात जुन्या आणि सर्वात नव्या नोंदीतलं वेळेचं अंतर म्हणजे ऑपलॉग विंडो. सेकंडरी त्यापेक्षा जास्त वेळ गैरहजर राहिली, तर तिला जिथून पुढे वाचायचं आहे ते पानच शिल्लक नसतं.

५० जीबी म्हणजे कितीतरी. सेकंदाला ४० छोट्या पिंगांनी ते भरायला आठवडे लागायला हवेत. आम्ही पाहिलं तेव्हा विंडो दोन तासांची होती.

दोन तास का?

ऑपलॉग हे साधं कलेक्शनच आहे, त्यावर क्वेरी चालते. म्हणून तर्क लढवत बसण्याऐवजी त्यातल्या काही नोंदी उघडून पाहिल्या. एका पिंगची नोंद बघायला गेलो आणि स्क्रीन वरून खाली सरकतच राहिली. सव्वादोनशे केबीची एक नोंद. तिच्यात त्या फेरीचं अख्खं डॉक्युमेंट होतं : ट्रेलरचा नंबर, चालकाचं नाव, कंटेनर नंबर, आणि ‘पिंग्ज’ नावाच्या ॲरेमध्ये फेरी सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक पिंग. खालची नोंद पुन्हा दुसऱ्या फेरीचं अख्खं डॉक्युमेंट. त्याखालची तशीच.

ॲप्लिकेशन जावात, स्प्रिंग डेटा वापरून. पिंग आला की कोड फेरीचं डॉक्युमेंट वाचायचा, लिस्टच्या शेवटी पिंग जोडायचा आणि ‘सेव्ह’ म्हणायचा. तिथलं ‘सेव्ह’ काय बदललं ते पाठवत नाही, संपूर्ण डॉक्युमेंट बदलून टाकतं. संपूर्ण डॉक्युमेंट बदललं की ऑपलॉगमध्येही संपूर्ण डॉक्युमेंट उतरतं. वहीत एक ओळ वाढवायची म्हणून दर वेळी अख्खी वही नव्याने उतरवून काढण्यासारखं.

हिशेब कागदावर मांडला. एक पिंग सुमारे १२० बाइट. नेहमीची फेरी दहा तासांची, म्हणजे शेवटी १,२०० पिंग, १४४ केबी. फेरीच्या सुरुवातीला डॉक्युमेंट लहान, शेवटी मोठं, म्हणून सरासरी ७२ केबी धरली. सेकंदाला ४० वेळा ७२ केबी म्हणजे जवळपास २.९ एमबी, तासाला १० जीबीच्या वर. ऑपलॉगचा आकार कॉम्प्रेशनच्या आधीच्या बाइटमध्ये मोजतात, त्यामुळे डिस्कवर स्नॅपी कॉम्प्रेशनने आकार कितीही दाबला तरी इथे त्याचा उपयोग नाही. ५० जीबी पाच तासांच्या आत भरणार. म्हणजे कोरड्या ठणठणीत दिवशीसुद्धा ही सेकंडरी चार तासांच्या बंदमधून जेमतेम वाचली असती.

आणि तो कोरडा दिवस नव्हता. आदल्या दिवसापासून करळ फाटा ते गव्हाण फाटा ट्रेलरच्या रांगा लागल्या होत्या, कंटेनर यार्डांच्या गेटवर पाणी होतं, दहा तासांच्या फेऱ्या चोवीस तासांवर गेल्या होत्या. ट्रेलर उभा असला तरी पिंग येतच राहतो. बारा तास एका जागी उभ्या असलेल्या ट्रेलरचे जवळपास दीड हजार पिंग, सगळे एकाच ठिकाणचे. चोवीस तासांची फेरी म्हणजे २,८८० पिंग, शेवटी ३४५ केबी, सरासरी १७३. सेकंदाला ७ एमबी, तासाला २५ जीबी. पन्नासला पंचवीसने भागा.

मला या प्रकरणात सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे. वीज जाणं आणि विंडो आखडणं या दोन वेगळ्या, योगायोगाने एका दिवशी आलेल्या गोष्टी नव्हत्या. ज्या पावसाने केबलच्या जॉइंटमध्ये पाणी घातलं त्याच पावसाने ट्रेलर अडवले, आणि ट्रेलर अडले म्हणून डॉक्युमेंटं फुगली. सेकंडरी बंद पडण्याची शक्यता ज्या दिवशी सर्वात जास्त, त्याच दिवशी तिला गैरहजर राहायची मुभा सर्वात कमी. मे महिन्याची सरासरी काढून ‘पाच तास आहेत, पुरेत’ म्हणणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

डॅशबोर्डवर का नाही दिसलं? डॅशबोर्डवर सीपीयू होता, डिस्क होती, कनेक्शन होती, रेप्लिकेशन लॅगही होता. लॅग शून्य ते एक सेकंद, वर्षभर हिरवा. लॅग म्हणजे सेकंडरी आत्ता किती मागे आहे. विंडो म्हणजे ती जास्तीत जास्त किती मागे राहू शकते. दुसरा आकडा रेप्लिकेशनची माहिती छापणाऱ्या एका कमांडने मिळतो. तो कुठल्याही आलेखावर नव्हता. डॉक्युमेंटच्या १६ एमबीच्या मर्यादेनेही इशारा दिला नाही, कारण तिथपर्यंत पोचायला एकाच फेरीतल्या ट्रेलरला दीड महिना रस्त्यावर काढावा लागला असता.

सोडवणूक

आम्हाला बोलावणं आलं ते वीज यायच्या आधीच. आधी बिलं मोकळी करायची होती.

उपाय असा : बंद असलेल्या सेकंडरीचं मत आणि प्रायॉरिटी (प्रायमरी होण्याचा अग्रक्रम) दोन्ही शून्य करायचं. मग मेजॉरिटीच्या हिशेबात डेटावाला मतदार एकटा प्रायमरीच उरतो आणि अडकलेल्या लेखनांना पोच मिळते. मुलाने रास्त शंका काढली, “सर, व्होट काढलं आणि प्रायमरीच खाली उतरला तर?” उतरत नाही, पण आता मतं दोनच : प्रायमरी आणि आर्बिटर. बहुमताला दोन्ही लागतात. क्लाउडची लाइन गेली तर प्रायमरी खरंच उतरेल. दोन वाईटांपैकी हे बरं, असं ठरवून बदल केला. एका झटक्यात अडकलेली सगळी बिलं ‘झाली’ म्हणून परत आली, आणि तेव्हाच जादा बिलं किती आहेत ते कळलं.

दुसरं कारणही होतं. मेजॉरिटीचा टप्पा पुढे सरकत नसला की प्रायमरीला त्या टप्प्यानंतरच्या बदलांचा इतिहास जपून ठेवावा लागतो. वायर्डटायगर, म्हणजे मोंगोडीबीचं डेटा साठवणारं इंजिन, तो हिस्टरी स्टोअरच्या फाइलमध्ये टाकतं, आणि ती फाइल सकाळपासून फुगत चालली होती. प्रायमरीला ६४ जीबी मेमरी. वायर्डटायगरची कॅश डिफॉल्टने एक जीबी वजा करून उरलेल्याच्या निम्मी, म्हणजे ३१.५ जीबी. ती सतत काठोकाठ भरत होती. आणखी एक दिवस असाच गेला असता तर पिंगही अडकायला लागले असते.

वीज आल्यावर सेकंडरी मागे पडलेली दिसली तेव्हा त्या मुलाने तिचा डेटा फोल्डर रिकामा करून ती पुन्हा चालू केली, म्हणजे इनिशियल सिंक (सगळा डेटा पहिल्यापासून कॉपी करणं) सुरू झालं. मागे पडलेल्या सदस्यासाठी सांगितलेला हा अधिकृत उपाय आहे. पण ते रात्रीतून फसलं. डेटा कॉपी होत असताना मध्ये घडणारे बदलही सेकंडरीला प्रायमरीच्या ऑपलॉगमधून ओढत राहावे लागतात. महापे-रबाळे लाइन ५० एमबीपीएसची, तिच्यावरच ऑफिसचं इंटरनेट, आणि ऑपलॉग तासाला २५ जीबी. ओढणारा मागे पडत गेला आणि ज्या नोंदी वाचायच्या होत्या त्या दोन तासांनी गळून गेल्या. मोंगोडीबी अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न करतं, डिफॉल्टने दहा वेळा. दहाही वेळा तेच झालं असतं. सकाळी थांबवलं.

मग क्रम उलटा केला. आधी प्रायमरीवर ऑपलॉग ५० वरून ४०० जीबी केला. ३.६ पासून हे सर्व्हर बंद न करता होतं, आणि डिस्कवर जागा होती. तासाला २५ जीबीने ४०० जीबी म्हणजे सोळा तासांची मुभा. नंतर प्रायमरीच्या डेटा व्हॉल्यूमचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत, घेतला. डेटा आणि जर्नल एकाच व्हॉल्यूमवर होते, म्हणून असा स्नॅपशॉट विश्वासाचा. हे वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतील तर हा मार्ग घेऊ नये. स्नॅपशॉटमधल्या फाइली एनक्रिप्ट केलेल्या एसएसडीवर उतरवल्या आणि घणसोलीवरून बाइकने महापेला नेल्या. लोकांच्या मालाची आणि चालकांची माहिती पावसात बाइकवरून चालली आहे, तेव्हा एनक्रिप्शनबद्दल घासाघीस करू नये. ५० एमबीपीएसच्या लाइनला ज्याला निम्म्याहून अधिक दिवस लागला असता ते काम दोन्हीकडच्या कॉपीसकट दुपारपर्यंत आटपलं. पहिल्यांदा सर्व्हिस उठली नाही, कारण फाइलींची मालकी रूटकडे राहिली होती. ती बदलल्यावर सेकंडरी उठली, स्नॅपशॉटमधल्या ऑपलॉगच्या शेवटच्या नोंदीपासून पुढे वाचू लागली, आणि रात्री लॅग शून्यावर आला. मत परत देताना ५.० मध्ये खास या मांडणीसाठी असलेली रीकॉन्फिगची मदतनीस कमांड वापरली. मत आणि प्रायॉरिटी एकदम परत देण्यात धोका असतो, ती ते दोन टप्प्यांत करते.

इथवरचं सगळं प्रथमोपचार होते. ४०० जीबीचा ऑपलॉग हा उपाय नाही. ट्रेलर दुप्पट झाले किंवा पाऊस आणखी लांबला की तोही आखडणार.

डॉक्युमेंटचा आकार

डेव्हलपरांनी दोन दिवसांत तोडगा आणला : ‘सेव्ह’ काढून टाकू, डॉलर-पुशने ॲरेत पिंग जोडू, आणि नकाशाला शेवटचे दोनशेच पिंग लागतात म्हणून डॉलर-स्लाइस लावून दोनशेच ठेवू. ऐकायला चोख. त्यांना म्हटलं, चाचणीच्या सर्व्हरवर करा आणि ऑपलॉगची नोंद उघडून दाखवा. पहिल्या दोनशे पिंगांनंतर प्रत्येक नोंदीत पुन्हा अख्खा दोनशेचा ॲरे. नुसतं शेवटी जोडलं तर ऑपलॉगमध्ये जोडलेला तुकडाच जातो. पण स्लाइसने पुढचा एक घटक काढला की ॲरेतल्या सगळ्यांच्या जागा बदलतात, आणि मग ॲरे पूर्णच लिहावा लागतो. पुशसोबत सॉर्ट लावला तरी तेच. दोनशे पिंग म्हणजे २४ केबी, तासाला साडेतीन जीबीच्या आसपास. आधीपेक्षा पुष्कळ बरं, पण एका पिंगच्या मानाने अजून भरमसाट.

दुसरी अडचण कंट्रोल रूममधून आली. तिथे वाहतुकीचं काम बघणारे एक काका आहेत. जुने पिंग टाकून देणार म्हटल्यावर ते उठून आले. “साहेब, चालत्या गाडीचं कोण विचारतंय? उभ्या गाडीचेच पैसे भांडून घ्यावे लागतात. ते टाकू नका.” डिटेन्शनचा, म्हणजे ट्रेलर अडकवून ठेवल्याच्या भरपाईचा, दावा करताना ट्रेलर अमुक यार्डाच्या गेटवर किती तास उभा होता याचा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तेच एका जागचे कंटाळवाणे पिंग. डेटाबेसवाल्याला जो कचरा वाटतो तो धंद्याचा माल असू शकतो. हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि इथे आमच्यापैकी कुणी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं.

शेवटी ठरलं ते असं. फेरीच्या डॉक्युमेंटमध्ये पिंग ठेवायचेच नाहीत, फक्त शेवटची जागा ठेवायची, नकाशाच्या यादीसाठी. पिंगांचं वेगळं कलेक्शन, आणि त्यात दर फेरीला दर तासाचं एक डॉक्युमेंट, जास्तीत जास्त १२० पिंगांचं. पिंग आला की त्या तासाच्या डॉक्युमेंटला नुसता पुश, सोबत मोजणीत एकाची भर, आणि डॉक्युमेंट नसेल तर अपसर्टने तयार. फेरी आणि तास या जोडीवर युनिक इंडेक्स हवाच. तो नसेल तर तासाच्या पहिल्या सेकंदाला दोन थ्रेड एकदम येतात आणि एकाच तासाची दोन डॉक्युमेंटं तयार होतात. रेंज नसलेल्या पट्ट्यातून बाहेर आल्यावर यंत्रं साठलेले पिंग एकदम पाठवतात, त्यामुळे आतला क्रम वेळेप्रमाणे असेलच असं नाही. तो वाचताना लावायचा, लिहिताना नाही. उभ्या ट्रेलरचा पिंग दर पाच मिनिटांनी एकच ठेवायचा. काकांनी त्याला मान्यता दिली.

५.० मध्ये खास वेळेनुसार येणाऱ्या नोंदींसाठी टाइम सिरीज कलेक्शन आलं आहे, मग ते का नाही? विचार केला होता. नकाशा ताजा ठेवण्यासाठी कंपनी चेंज स्ट्रीम (बदल झाला की लगेच कळवणारी सोय) वापरते, आणि टाइम सिरीज कलेक्शनवर चेंज स्ट्रीम चालत नाही. शिवाय त्या आवृत्तीत त्यातलं डिलीटही मेटा फील्डपुरतं मर्यादित आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने जरूर बघावं.

आता एका पिंगची ऑपलॉगमधली नोंद सुमारे ४०० बाइट. तासाला ६० एमबीच्या आत. फेरीतली शेवटची जागा आणि बाकीची लेखनं धरूनही विंडो आता आठवड्यांत मोजतात. ऑपलॉग ४०० वरून १०० जीबीवर आणला. किमान २४ तासांच्या नोंदी ठेवायच्याच, अशी सेटिंगही लावली, जी ४.४ पासून मिळते. तिची एक खोड आहे : मुदत पाळायची म्हणून ऑपलॉग ठरलेल्या आकाराच्या पलीकडे वाढू शकतो, म्हणजे एखाद्या वेड्या लोडच्या दिवशी डिस्क भरण्याची पाळी येते. म्हणून डिस्कचा अलर्ट आधी, सेटिंग नंतर. विंडोचाही अलर्ट बसला, आणि सर्व्हर बंद करण्याआधी भरायच्या कागदावर एक ओळ वाढली : आत्ताची विंडो किती तास, आणि आपण किती तास बंद ठेवणार आहोत.

बॅकअपबद्दल थोडक्यात. रोज रात्रीचा मोंगोडंप (डेटाची बॅकअप प्रत काढणारं साधन) सेकंडरीवरूनच, तिच्याच क्रॉनमधून चालायचा. सेकंडरी नव्हती तेवढ्या रात्री बॅकअपही नव्हता, आणि डंप चुकल्याचा मेलही त्याच मशीनवरून जाणार होता. आता स्नॅपशॉट घेतात, दुसऱ्या ठिकाणी ठेवतात आणि दर महिन्याला एक उघडून बघतात.

आर्बिटर काढून तिसरा डेटावाला सदस्य घ्या, हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. मालकांनी मान हलवली आणि पुढचा विषय घेतला. त्यांचं मन वळलं ते हिशेबाच्या मॅडममुळे. जादा बिलांपैकी काही ग्राहकांना गेली होती, जीएसटीच्या रिटर्नमध्ये बसली होती, आणि प्रत्येक बिलासाठी क्रेडिट नोट काढून समजूत घालत त्यांचा महिना गेला होता. त्यांनी त्या नोटांची फाइल टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या सर्व्हरचं कोटेशन शेजारी ठेवलं. तिसरा सदस्य आता क्लाउडवर आहे. बिलांवर युनिक इंडेक्स आहे, आणि बिलाच्या लेखनाला डब्ल्यू-टाइमआउट. मर्यादा संपली की ॲप ‘झालं नाही’ असं म्हणत नाही, ‘तपासतो आहे’ म्हणतं आणि फेरीच्या क्रमांकाने बिल शोधून बघतं.

एक काम राहिलं आहे. जुन्या पद्धतीच्या फेऱ्या, आपापल्या हजारो पिंगांसकट, जुन्या कलेक्शनमध्ये तशाच आहेत. त्यांवर आता कुणी लिहीत नाही; दाव्यांसाठी वाचतात फक्त. त्या टीटीएल इंडेक्स (मुदत संपलेली डॉक्युमेंटं आपोआप काढणारा) लावून हळूहळू काढून टाकाव्यात, असं एकाने सुचवलं होतं. पण टीटीएलने काढलेलं प्रत्येक डॉक्युमेंट ऑपलॉगमध्ये वेगळं डिलीट म्हणून उतरतं, आणि मोकळी झालेली जागा वायर्डटायगर आपल्यापाशीच ठेवतं, कॉम्पॅक्ट चालवल्याशिवाय ऑपरेटिंग सिस्टिमला देत नाही. दाव्यांची मुदत संपली की ते कलेक्शन एकदम ड्रॉप करायचं ठरलं आहे. फाइल थोड्याच वेळात जाते आणि ऑपलॉगमध्ये त्याची एकच नोंद होते.